पुस्तकातली वाट, चित्रातली वाट

माणूस घराबाहेर का पडतो याची उत्तरे इतिहासाने पुष्कळ दिली आहेत. दुष्काळ, लढाई, व्यापार, नोकरी ही त्यांतली ठळक. परंतु यांपैकी कोणतीही निकड नसताना, घरात भाकरी असताना आणि कधीकधी प्रकृतीची साथ नसतानाही एखाद्याला वाटेची ओढ लागते. तिचे मूळ बहुधा कोणीतरी लिहिलेल्या चार पानांत, किंवा गेल्या दीडशे वर्षांत कोणीतरी टिपलेल्या एखाद्या छायाचित्रात सापडते. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतून जाणारा रस्ता डोळ्यांसमोर ठेवून या ओढीचा थोडा मागोवा घ्यावा, असा आमचा मानस आहे. हा रस्ता आमच्या अनेक वाचकांच्या दारावरून जातो, आणि दारावरून जाणाऱ्या गोष्टीकडे माणसाचे लक्ष सर्वांत कमी असते.

ख्रिस्तसभेच्या इतिहासात या ओढीचे सर्वांत परिचित उदाहरण संत इग्नेशियस लोयोला यांचे. मे १५२१ मध्ये पाम्पलोना येथील लढाईत तोफगोळ्याने पाय जायबंदी झाल्यावर ते लोयोलाच्या वाड्यात कित्येक महिने अंथरुणाला खिळून होते. वेळ जावा म्हणून त्यांनी शूर सरदारांच्या अद्भुत कथा मागितल्या. त्या घरात त्या नव्हत्या. होते ते एक ख्रिस्तचरित्र आणि एक संतचरित्रांचा संग्रह. निरुपाय म्हणून त्यांनी ती पुस्तके हाती घेतली आणि वाचता वाचता येरुशलेमला जाण्याची इच्छा मनात घर करून बसली. सप्टेंबर १५२३ मध्ये ते तेथे पोचलेही. त्यांना तेथे कायमचे राहायचे होते, परंतु पवित्र स्थळांची व्यवस्था पाहणाऱ्या फ्रान्सिस्कन वरिष्ठांनी परवानगी दिली नाही. निघण्यापूर्वी ते कोणालाही न सांगता एकटेच ऑलिव्ह डोंगरावर गेले, पहारेकऱ्याला जवळचा चाकू देऊन आत शिरले आणि प्रभूच्या म्हणून दाखविल्या जाणाऱ्या पाउलखुणा पाहून आले. नंतर त्यांना आठवले, की उजवे पाऊल कोणत्या दिशेला वळलेले आहे हे आपण नीट पाहिलेच नाही. तेव्हा जवळची कात्री पहारेकऱ्याच्या हाती ठेवून ते पुन्हा आत गेले. आत्मवृत्तात त्यांनी स्वतःचा उल्लेख सर्वत्र ‘यात्रेकरू’ असाच केला आहे. पुस्तकाने लावलेली ओढ ही अशी असते. वाचलेले पुरेसे वाटत नाही, पाउलाची दिशासुद्धा स्वतःच्या डोळ्यांनी तपासावीशी वाटते.

त्यांच्याही आधी अकराशे वर्षांपूर्वी, चौथ्या शतकाच्या अखेरीस, एगेरिया नावाची एक भाविक स्त्री युरोपच्या पश्चिम टोकाकडून निघून सीनाय पर्वतापर्यंत गेली होती. ज्या स्थळी पोचावे त्या स्थळाचा शास्त्रपाठ तेथेच वाचून घ्यावा, हा तिचा नेम होता. तिने आपल्या भगिनींसाठी लिहिलेले प्रवासवृत्त १८८४ साली इटलीतील आरेत्सो येथे सापडले. हरवलेले पुस्तकही पंधराशे वर्षांनी वाचकाला वाटेला लावू शकते, याचे ते उत्तम उदाहरण होय.

आता आपल्या रस्त्याकडे वळू. कऱ्हेकाठची बारामती आणि भीमा-नीरेच्या बेचक्यातले इंदापूर हा मुलूख पावसाच्या दृष्टीने तसा दुर्भागी. कालवा पोचला तेथे ऊस, न पोचला तेथे ज्वारी-बाजरी. साहित्याच्या बाबतीत मात्र तो दरिद्री नाही. श्रीधरांनी ‘शिवलीलामृत’ १७१८ साली बारामतीतच पूर्ण केले आणि मोरोपंतांचे (१७२९–१७९४) दीर्घ वास्तव्यही बारामतीतच घडले. पण या कवींच्या रचनांतला प्रवास पुराणांतला आहे. पायांखालच्या वाटेचे वाङ्मय या भागाला दिले ते वारीने.

तुकोबांचे पुत्र नारायणबाबा यांनी १६८५ साली देहूहून पालखीची प्रथा सुरू केली. पुणे सोडल्यावर लोणी काळभोर, यवत, वरवंड असे मुक्काम करीत, रोटीचा घाट चढून, उंडवडी गवळ्याची या गावावरून ही पालखी बारामतीत येते. पुढे काटेवाडीस परीट समाजाची मंडळी तिच्यासाठी धोतरांच्या पायघड्या घालतात आणि मेंढ्यांचे रिंगण होते. सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर आणि शेवटी सराटी. तेथे पादुकांना नीरास्नान घडले की पालखी पुणे जिल्ह्याची वेस ओलांडते. बेलवाडीच्या गोल रिंगणात अश्व धावतो तेव्हा शेतकरी आपली कामे टाकून तेथे आलेला असतो. या दोन तालुक्यांतील शाळकरी मुलाला भूगोलाच्या पुस्तकाआधी ही गावे ओळीने पाठ होतात.

येथे इतिहासाच्या अभ्यासकाने थोडे थांबावे अशी एक गोष्ट आहे. पुण्याहून निघालेली आगगाडी १८५८ साली इंदापूर तालुक्यातील डिकसळपर्यंत आली. दोनच वर्षांत ती सोलापूरला पोचली, आणि १९०६ साली कुर्डुवाडीहून पंढरपूरला बार्शी लाइट रेल्वेचा छोटा रूळ गेला. तोपर्यंत चालणे ही गरज होती. गाडी झाल्यावर ती निवड झाली. एका दिवसात पोचता येत असताना जो माणूस पंधरा-अठरा दिवस चिखलातून चालतो, तो पोचण्यासाठी चालत नाही. आमच्या मते आधुनिक अर्थाने ‘वाटेची ओढ’ येथून सुरू होते. आजचे तरुण जिला रोड ट्रिप म्हणतात, तिचेही मर्म हेच. विमान असताना मोटार काढायची, कारण हवी असते ती वाट.

ही ओढ सुशिक्षित मराठी वाचकापर्यंत पोचविण्याचे श्रेय प्रामुख्याने दोन पुस्तकांना जाते. पहिले इरावती कर्वे यांचे ‘परिपूर्ती’ (१९४९), ज्यात ‘वाटचाल’ हा लेख आहे. दुसरे दि. बा. मोकाशी यांचे ‘पालखी’ (१९६४). यांच्या जोडीला आम्ही एक तिसरे नाव घेतो, जे मराठी वाचकांस कमी आणि आम्हा धर्मगुरूंस थोडे अधिक परिचित आहे. ते म्हणजे फ्रेंच येशूसंघीय गी दल्युरी यांचे. त्यांनी तुकोबांचे अभंग फ्रेंचमध्ये नेले. १९५६ साली निघालेल्या त्या पुस्तकाच्या नावाचा अर्थ ‘यात्रिकाची स्तोत्रे’ असा होतो. येरुशलेमच्या वाटेवर म्हणण्याच्या आरोहण-स्तोत्रांशी ज्याची लहानपणापासून ओळख आहे, त्यालाच असे नाव सुचावे. पुढे १९६० साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने त्यांचा विठोबासंप्रदायावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. वारीबरोबर स्वतः चालून त्यांनी तो लिहिला होता. अन्य धर्मांतील सत्य आणि पावित्र्य यांचा आदर करण्याचा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा जाहीरनामा ऑक्टोबर १९६५ मधला, हे लक्षात घेतले म्हणजे या चालण्याचे मोल कळते. परिषदेने दार उघडण्यापूर्वी एक धर्मगुरू धूळ तुडवीत त्या दारापाशी जाऊन उभा होता.

हे तिघेही चालले ते ज्ञानोबांच्या पालखीबरोबर, म्हणजे दिवेघाट, सासवड, फलटण या वाटेने, बारामती-इंदापूरच्या नव्हे. तरीही आमच्या भागातल्या वाचकाने ही पुस्तके आपल्याच वाटेची म्हणून वाचली आहेत. वाङ्मयाचे हे सामर्थ्य म्हणावे की वाचकाचा लोभ, हा प्रश्न आम्ही सोडून देतो.

इरावतीबाईंचा लेख केवळ भक्तिरसाने भिजलेला असता, तर तो इतका टिकला नसता. त्यांच्या दिंडीत ब्राह्मण आणि मराठा अशी दोन मंडळे होती. सगळे एकत्र चालत, एकत्र अभंग म्हणत. जेवायला मात्र पंगती वेगळ्या. बाईंना हे खुपले आणि त्यांनी ते लिहून ठेवले. त्या दुसऱ्या पंगतीला जाऊन जेवल्या तेव्हा तिकडच्या बायका मोकळ्या झाल्या, हात धरून चालू लागल्या, आपले घरचे सांगू लागल्या. ज्या प्रदेशातील लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, अशी महाराष्ट्राची नवी व्याख्या त्यांना या वाटेवर सापडली. ही व्याख्या सर्वत्र उद्धृत होते. पंगतींचा परिच्छेद क्वचितच कोणी सांगतो.

आमच्या वाचकांना तो परिच्छेद सांगितलाच पाहिजे. नगर, श्रीरामपूर, जालन्याकडून साखर कारखान्यांच्या किंवा औद्योगिक वसाहतीतील कामानिमित्त या भागात येऊन स्थायिक झालेल्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांची मुळे गावकुसाबाहेरच्या वस्त्यांत आहेत. त्यांच्या पणज्या-खापरपणज्यांनी वारी पाहिली असेल, केलीही असेल. पण त्या वाटेच्या शेवटी त्यांच्यासाठी काय होते? चोखोबांची समाधी देवळाच्या महाद्वाराशी आहे. चौदाव्या शतकातील त्या संताला ज्या उंबऱ्याबाहेर ठेवले, तो उंबरा त्याच्या बांधवांना ओलांडता यावा म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण करावे लागले. म्हणजे इग्रजी राज्य जाण्याच्या तीनच महिने आधीपर्यंत ही वाट काही पायांसाठी दारापाशीच संपत होती. पुस्तक वाचून वाटेची ओढ लागते हे खरे. पण ज्याला त्या वाटेच्या शेवटी आत घेणार नाहीत त्याने ती ओढ कशी बाळगावी, हे कोणत्याही प्रवासवर्णनात सापडत नाही. आमच्या पूर्वजांनी या प्रश्नाचे उत्तर पुस्तकाने दिले नाही, दुसऱ्या वाटेने जाऊन दिले. आणि त्या वाटेवरही पंगती एका दिवसात एक झाल्या नाहीत, हे ख्रिस्ती समाजाचा इतिहास प्रामाणिकपणे वाचणाऱ्यास ठाऊक आहेच.

आता छायाचित्राकडे. दागेरने आपली युक्ती १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर केली आणि १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिच्या कामात होते. त्याच वर्षी साल्झमान नावाचा फ्रेंच मनुष्य येरुशलेमच्या भिंतींची छायाचित्रे घेत होता. त्यामागोमाग इंग्रज फ्रिथ याने १८५६ ते १८६० या काळात इजिप्त आणि पॅलेस्टाइनच्या तीन फेऱ्या केल्या. त्यांची चित्रे युरोपातील घराघरांत गेली. दहा वर्षे उलटण्याच्या आत, १८६९ साली, टॉमस कुक याने पवित्र भूमीची पहिली सहल काढली. चित्रामुळेच सहल निघाली असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु तिकीट घेणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर काय होते याचा अंदाज करता येतो. ज्यांना जाणे शक्य नव्हते त्यांच्यासाठी १९०० साली अमेरिकेत स्टिरिओस्कोपमधून पाहण्याचा पवित्र भूमीचा एक संचच निघाला. दोन भिंगांतून पाहिले की डोंगर खरोखर पुढे उभा राहिल्यासारखा दिसे. आमच्या धर्मग्रामांतील घरांत हेच काम भिंतीवरच्या कॅलेंडराने केले. नाझरेथ आणि बेथलेहेम ही गावे आमच्या कित्येक आजीबाईंना बाराही महिने डोळ्यांसमोर होती, पुणे मात्र त्यांनी एकदाच पाहिले होते.

जत्रेतल्या फोटोवाल्याचाही येथे सन्मानाने उल्लेख झाला पाहिजे. तंबूत एक रंगवलेला पडदा, त्यावर ताजमहाल किंवा समुद्र. पुढे लाकडी फळीची कापलेली मोटार, नाहीतर विमान. नवरा-बायको त्या मोटारीत बसतात, मूल मांडीवर. नवऱ्याचा हात चाकावर. कोणीच हसत नाही. असे फोटो ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान, सगळ्यांच्या घरांतील पत्र्याच्या पेट्यांत सापडतात. छायाचित्र प्रवासाची ओढ लावते असे आपण म्हणतो. येथे तर प्रवास घडलेलाच नसतो, आणि ओढ तेवढी छायाचित्रात उतरते.

जगाच्या दुसऱ्या टोकाला हीच ओढ पुस्तक आणि चित्र यांनी मिळून कशी वाढविली, तेही थोडक्यात सांगण्याजोगे आहे. जॅक केरुआक हा अमेरिकेतील फ्रेंच-कॅनडियन कॅथलिक घरातला मुलगा. मोटारीने देशभर केलेल्या भटकंतीवरची त्याची कादंबरी १९५७ साली आली आणि तिने एका पिढीला रस्त्यावर आणले. त्याच सुमारास रॉबर्ट फ्रँक हा स्वित्झर्लंडमधून तिकडे गेलेला छायाचित्रकार जुन्या मोटारीतून अमेरिका पालथी घालीत होता. ‘द अमेरिकन्स’ हे त्याचे पुस्तक १९५८ साली पॅरिसला आणि १९५९ साली न्यूयॉर्कला निघाले, तेव्हा प्रस्तावना केरुआकनेच लिहिली. फ्रँकच्या चित्रांत सुंदर देखावे फारसे नाहीत. ट्रामच्या खिडक्यांत पुढे गोरे आणि मागे काळे बसलेले आहेत, रस्त्याकडेला उभे क्रूस आहेत. इरावतीबाईंनी जे शब्दांत केले ते याने भिंगातून केले, असे आम्हास वाटते. छायाचित्र पंगत दाखवू शकत नाही असे नाही. दाखविणाऱ्याची इच्छा असावी लागते.

वारीची छायाचित्रे आता अमाप झाली आहेत. संदेश भंडारे यांच्यासारख्या छायाचित्रकाराने वारकऱ्यांजवळ जाऊन ती घेतली, तर उद्धव ठाकरे यांच्या ‘पहावा विठ्ठल’ या पुस्तकात ती आकाशातून घेतलेली आहेत. वरून पाहिलेले रिंगण अप्रतिम दिसते. माणसांचे एक मोठे कमळ उमलल्याचा भास होतो. आम्ही त्या चित्रांचे कौतुक करतो, आणि त्याबरोबर हेही म्हणतो की आकाशातून सगळ्या पंगती एकच दिसतात. हल्ली बेलवाडीस व इंदापुरास रिंगणाच्या दिवशी मोटारी भरभरून माणसे येतात. कित्येकांना चित्रात पाहिलेली नेमकी तीच जागा, तोच कोन हवा असतो. इग्नेशियस पाउलाची दिशा पाहण्यासाठी परत गेले होते. हे लोकही एका अर्थी दिशा पाहण्यासाठीच येतात. आपण त्यांना हसू नये.

छायाचित्राने या भागात निर्माण केलेली दुसरी वाट भिगवणची. भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि त्याचे पाणी इंदापूर तालुक्यात दूरवर मागे पसरले. उथळ पाण्यावर रोहित पक्षी येऊ लागले. डिकसळ, कुंभारगाव ही नावे पक्षिप्रेमींना ठाऊक झाली ती प्रामुख्याने छायाचित्रांतून. हिवाळ्यात शनिवारी रात्री पुणे-मुंबईहून मोटारी निघतात, पहाटे पाण्यावर पोचतात. स्थानिक मच्छीमार त्यांना नावेतून फिरवितात, दुपारी चिलापीचे कालवण होते आणि संध्याकाळी मंडळी घरी. या भटकंतीने चार घरांत पैसा येतो, ही आनंदाची गोष्ट आहे. आमच्या युवक-युवतींच्या सहलीही तिकडे गेल्या आहेत.

परंतु त्या पाण्याखाली काय आहे? उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे जुने दगडी पळसनाथाचे मंदिर वर येते. त्याचा शिखरासह फोटो वर्तमानपत्रांत झळकतो आणि मोटारी पुन्हा निघतात. चित्र देखणे असते, यात संशय नाही. मात्र त्या शिखराभोवती एकेकाळी एक गाव होते, घरे होती, आणि एका गावातून दुसऱ्या गावात जायला पायवाटा होत्या. धरणाने त्या बुडविल्या. पूर्वी नदी ओलांडून सहज जाता येई अशा गावांमध्ये आता मैलोगणती पाणी आहे आणि जायचे तर वळसा घालून किंवा नावेने. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे येणारी नाव वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा माणसे बुडून मेली. ती सहलीला निघालेली माणसे नव्हती. ज्या पाण्यावर छायाचित्रकाराची नाव पक्ष्यांच्या मागे हळूहळू सरकते, त्याच पाण्यावरची नाव हा त्यांचा रस्ता होता. पहाटेच्या सोनेरी प्रकाशातले नावेचे चित्र पाहताना हे दिसत नाही, कारण चित्रात पाणी तेच आणि नावही तीच असते. वाटेची ओढ म्हणताना जिला वाटच उरलेली नाही अशा गावाची ओढही त्या शब्दात धरली पाहिजे, असे आम्हास प्रामाणिकपणे वाटते.

चित्र आणि प्रत्यक्ष यांचा संबंध या रस्त्याने आणखी एकदा पाहिला, तो महामारीच्या काळात. २०२० साली पालखी चालली नाही. पादुका एस.टी.च्या बसमधून पंढरपुरास नेण्यात आल्या आणि २०२१ सालीही बसच. काटेवाडीस पायघड्या नाहीत, बेलवाडीस अश्व नाही, सराटीच्या घाटावर गर्दी नाही. त्या दोन वर्षांत लोकांनी जुनी छायाचित्रे एकमेकांना पाठविली, ‘पालखी’ आणि ‘वाटचाल’ पुन्हा वाचली गेली. आमची मंदिरेही तेव्हा बंद होती. मिस्सा मोबाइलच्या पडद्यावर होत असे आणि श्रद्धावंत घरी बसून आध्यात्मिक कम्युनियन घेत. पडद्यावरची भाकर दिसते, हातात येत नाही. वारकऱ्यांची आणि आपली अवस्था त्या वेळी सारखीच होती. २०२२ साली पालखी पुन्हा चालत आली, तेव्हा रस्त्याच्या कडेला पाण्याचा पेला घेऊन उभ्या राहिलेल्यांत आमच्या काही ख्रिस्ती भगिनीही होत्या.

रस्ता मात्र तोवर बदलू लागला होता. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दोन्ही पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. त्यांपैकी पाटसहून बारामती, इंदापूर करीत तोंडले-बोंडलेपर्यंत जाणारा तुकोबांचा मार्ग सुमारे १३० किलोमीटरचा. पायी चालणाऱ्यांसाठी दोन्ही बाजूंना स्वतंत्र वाट, ही योजनेतील चांगली गोष्ट. पण रुंदीकरणात दुतर्फाची जुनी झाडे गेली. ज्येष्ठ-आषाढात पाऊस हुलकावणी देतो तेव्हा इंदापूरकडच्या उन्हात सावलीची किंमत चालणाऱ्यालाच कळते. नवी झाडे वाढतीलही. तोवर जुनी सावली पाहायची झाली तर ती जुन्या छायाचित्रांतच पाहावी लागेल, आणि कोणी ती पाहून उद्या मोटार काढून आला तर त्याला ती जागा ओळखू येणार नाही.

जाता जाता आमच्या समाजापुरते एक बोलतो. आपल्यालाही पायी जाण्याची वाट आहे. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते आणि दूरदूरच्या धर्मग्रामांतून लोक चालत येतात. पावसात शाळेच्या ओसरीवर मुक्काम, पिशवीत भाकरी-चटणी, तोंडी रोझरी आणि मराठी भक्तिगीते. त्यांत नवस फेडायला निघालेल्या म्हाताऱ्या असतात, आणि चपला हातात घेऊन चालणारी मुलेही. पंढरीच्या वाटेला इरावतीबाई, मोकाशी आणि दल्युरी लाभले. हरेगावच्या वाटेचे असे वाङ्मय अद्याप आपण निर्माण केलेले नाही. लेह-लडाखची छायाचित्रे पाहून मोटारसायकली काढणाऱ्या आमच्या तरुणांना या वाटेची ओढ का लागत नाही, असे पालक विचारतात. लागेल कशी? ती त्यांनी कुठे वाचलेली नाही, आणि तिचे चित्रही त्यांनी पाहिलेले नाही.

चित्रे नाहीत असे मात्र नाही. धर्मग्रामातील घरांना आशीर्वाद द्यायला गेले म्हणजे पुष्कळदा पेटीतला अल्बम पुढे येतो. त्यात हरेगावच्या मैदानात उभे राहून काढलेला एखादा कृष्णधवल फोटो असतोच. डोक्यावर पदर, हातात मेणबत्ती, मागे तंबूची कनात. फोटोत कोण कोण आहे हे सांगणारी आजी बहुतेक घरांत अजून आहे. फोटो उलटा केला तर मागची बाजू कोरी असते. पुढच्या रविवारी मिस्सा झाल्यावर तो फोटो आणि एक पेन्सिल घेऊन तिच्याजवळ बसावे. कोण, कोणत्या साली, कोणत्या गावावरून चालत गेले, रात्री कोणाच्या ओसरीवर झोपले, कोणी भाकरी दिली आणि कोणी दारात उभे राहू दिले नाही, एवढे मागे लिहून घ्यावे.